तीन नंबरची खुर्ची

रुतिकानं ड्रायरची पिन बोर्डातून उपटली आणि वायर स्वतःच्या मुठीत धरली.

वरदच्या हातातला ड्रायर घरघरत गप्प झाला. नेरूळच्या या सलूनमध्ये वरद सात वर्षं केस कापत होता आणि रुतिका दोन वर्षं बेसिनपाशी लोकांची डोकी धूत होती. डोकी धुणारीनं सिनियरचा ड्रायर बंद करायचा! काय ही हिंमत!

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दादा, गरम हवा नको. आपोआप वाळू दे."

खुर्चीत मनस्वी बसली होती. तिचे केस सुतासारखे सरळ. संध्याकाळी नावड्याला चुलतबहिणीची हळद, आणि तिला मोकळ्या केसांना लाटा हव्या होत्या. मशीननं काढलेले कर्ल्स तिच्या डोक्यावर अर्धा तासही टिकत नसत. म्हणून मालकीणबाई राजश्री मॅडमनी समुद्री मिठाचा महागडा स्प्रे मागवलेला. वरदनं सकाळी तो मारला, ड्रायरनं वाळवला, वर ब्रश फिरवला. लाटा कसल्या, नुसत्या काड्या झाल्या! मनस्वी रडकुंडीला आली, तेव्हा बेसिनकडून रुतिकाचा आवाज आला होता, "मी करू?"

"कर," मॅडम म्हणाल्या होत्या. "जमलं तर तीन नंबरची रिकामी खुर्ची तुझी, केस करायला. नाही जमलं तर जन्मभर बेसिन, आणि परत मध्ये तोंड घालायचं नाही."

रुतिकानं केस पुन्हा धुतले, टॉवेलनं टिपले, ओलसर असतानाच स्प्रे मारला, एकेका बटेला पीळ घालून डोक्यावर पिना लावल्या, आणि तेवढ्यात वरदनं ड्रायर उचलला होता. आता नुसतं थांबायचं होतं, आणि तेच कुणाला जमत नव्हतं.

गावी, मोऱ्याला, रुतिकाची आई जमुना रोज धक्क्यापाशी होडीतली मासळी घ्यायला पाण्यात उतरायची. खाऱ्या पाण्यानं भिजलेले केस पिळून अंबाडा घालायची आणि दुपारी सोडायची, तेव्हा पाठभर लाटा. लहानपणी रुतिका तो अंबाडा ओलाच सोडायला जायची आणि हातावर फटका खायची. "वल्या जाल्याला नि वल्या केसांना हात लावाचा नाय," आई सांगायची.

अर्धा तास झाला. मनस्वीचा हात पिनांकडे गेला.

"हात लावू नको, ताई! वलं हाय अजून!"

गावची बोली तोंडातून निसटली तशी वरद फिस्सकन हसला. रुतिकाचे कान तापले, पण तिनं वायर सोडली नाही.

"किती वेळ गं?" मॅडमनी घड्याळ पाहिलं. "पुढची कस्टमर आली."

"अजून पाऊण तास, मॅडम."

"पाऊण तास?"

"हो. नाही जमलं तर मी जाते बेसिनला. पण पाऊण तास द्या."

मॅडमनी पुढच्या बाईंना कॉफी पाजली.

पाऊण तासानं तिनं पहिली पिन काढली. बट खाली आली आणि वळली. दुसरी आली, तिसरी आली. रुतिकानं ब्रश बाजूला सारला, बोटंच मुळापासून सैल फिरवली आणि बाजूला झाली.

मनस्वी आरशात बघतच राहिली. मग तिनं मान जोरात हलवली. एकदा, दोनदा. लाटा हलल्या आणि परत जागच्या जागी येऊन बसल्या. ती धावत दाराबाहेर गेली, फुटपाथच्या वाऱ्यात उभी राहिली, परत आली. लाटा तशाच!

"अगं, कसले भारी झालेत! हळदीत सगळ्या जळून खाक होणार!" तिनं रुतिकाला मिठीच मारली.

रुतिकाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

मनस्वी गेली. राजश्री मॅडम आपल्या सरळ केसांची क्लिप काढत आल्या आणि तीन नंबरच्या खुर्चीत बसल्या.

"माझे कर."

"हो मॅडम." रुतिका सवयीनं बेसिनकडे वळली, शाम्पूची बाटली उचलली.

"ती ठेव," मॅडम म्हणाल्या. "केस वरद धुवेल. तू इथं उभी राहा."