उजव्या हातातलं भूत

फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. फोटोवाल्याच्या बायकोने हात लावला की कॉम्प्युटर मरतो, एवढंच बघायला माणसं खिडकीच्या गजांना लटकली होती. कॉम्प्युटरच्या ज्या चार तोंडांच्या डबीला, म्हणजे हबला, माऊस लावला होता, तिथेच तिने जुन्या फोटोंची डिस्क जोडली. डिस्क आतल्या आत टकटकली आणि माऊसचा लाल दिवा विझला. नवरा त्याच खुर्चीत दिवसभर प्रिंट काढायचा, त्याला कधी काही झालं नव्हतं. त्यामुळे भूत कोणाच्या अंगात आहे हे ठरवायला डोकं वापरावं लागलं नाही. तशी ती सवयही कोणाला नव्हती.

भूत उतरवायला बोलावलेल्या महाराजांनी तिचा उजवा हात काउंटरवर दाबून वेताचा पाचवा फटका मारला. बोटांची कातडी फाटून रक्त कीबोर्डवर सांडलं.

"हे वीज प्यायला चटावलंय," महाराज गर्दीला समजावत होते. "आठ दिवसांपूर्वी मी रक्षादीप दिला, म्हणून माऊसवर निभावलं. नाहीतर घरातलं माणूस गेलं असतं."

रक्षादीप म्हणजे वायरचा केशरी दिवा. तोही कॉम्प्युटरलाच जोडायचा होता. सासू मान डोलावत राहिली. आता उपाय एकच उरला होता, मनगटावर तापलेली सळई. ती शेगडीत लाल होत होती आणि ती धरायला पकड घेऊन नवराच उभा होता. वेतापेक्षा तिला ते जास्त लागलं.

सहाव्या फटक्याला तिची मान स्क्रीनकडे वळली. कोपऱ्यात सूचनेचा एक चौकोन उघडला होता. डिस्क बंद पडली की नवरा धावत यायचा आणि तो चौकोन न वाचताच बंद करायचा. आज त्याचे हात पकडीत गुंतले होते. तिने पहिल्यांदाच तो वाचला: हबला वीज पुरत नाही, काहीतरी काढा.

डागायचं तर डागा, पण आधी डिस्क मागच्या बाजूला जोडू द्या, असं ती म्हणाली. भूत पळायला वाट शोधतंय, असं म्हणत महाराज हसले.

"जोडू द्या की," शेजारचा शिंपी म्हणाला. "भूत तुमच्या मुठीत आहे ना?"

तिने रक्ताळल्या हाताने हबमधून पंखा, रक्षादीप आणि डिस्क उपटली आणि डिस्क थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली. फोटो उघडले. हात तोच होता.

"हबला तोंडं चार, पण वीज येते एका तोंडाची," ती म्हणाली. "डिस्कला सुरू होताना जास्त लागते, आणि डिस्क या घरात मीच लावते. तरी माऊस आधी जात नव्हता. तो गेला रक्षादीप आल्यापासून."

शिंप्याने स्वतःच्या हाताने सगळं पुन्हा हबला जोडलं. टकटक झाली, माऊस विझला. महाराज वेत टाकून दाराकडे सरकले.

मग तीच गर्दी त्यांच्यावर तुटून पडली. कोणीतरी नवऱ्याच्या हातातली पकड ओढून सळई उचलली आणि त्यांच्या तोंडाशी नेली. तिने डाव्या हाताने पकडीसकट ती हिसकावली आणि बादलीत बुडवली. पाणी चरचरलं.

"काही बंद पडलं तर एकेक वायर काढून बघा," ती म्हणाली. "काय काढल्यावर चालतं तेवढं बघायचं. त्यासाठी माणूस फोडावा लागत नाही."

नवरा हात बांधायला पुढे आला. तिने त्याला बाजूला सारलं आणि शिंप्याला घेऊन ती चौकीवर गेली. तक्रारीत तिने वेत मारणाऱ्याचं नाव लिहवलं. मग पकड धरणाऱ्याचंही लिहवलं.