टाचेखालची तारीख

मित्रांनो, मी एक जुना गमबूट आहे, उजव्या पायाचा. मी फार चिडलेला आहे आणि का चिडलो तेच सांगणार आहे.

साच्यातून निघालो तेव्हा मी काळा कुळकुळीत होतो. आत पांढरंशुभ्र कापडी अस्तर होतं. दुधाच्या कारखान्यात कॅन धुणाऱ्या एका मावशींच्या पायात मी आलो. उकळतं पाणी, सोडा, निसरडी फरशी, सगळं मी सोसलं. "या बुटांनी माझे पाय राखलेत," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी फुशारून जायचो.

पण कारखान्याची रीत बघा. बुटावर माणसाचं नाव नाही, फक्त मापाचा आकडा. सकाळच्या पाळीने काढलेला घामट बूट दुपारची पाळी तसाच चढवणार. मग मी वाळणार कधी? माझ्या अस्तरात बुरशीने बस्तान मांडलं. मावशींच्या पायाच्या करंगळीशेजारची कातडी पांढरी पडून सोलू लागली, खाजेने जीव नको झाला.

मावशी एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या आणि बाईंची हुबेहूब नक्कल करून त्यांनी पाळीवरच्या सगळ्याजणींना हसवलं. "खाज थांबली म्हणजे बुरशी गेली असं नाही हं. महिनाभर मलम लावा. बूट स्वतःचे ठेवा, वाळवून घाला. तुम्हाला साखरेचा त्रास आहे, तेव्हा बरं वाटलं तरी या तारखेला पाय दाखवायला यायचंच." बाईंनी कागदावर तारीख लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

बाराव्या दिवशी खाज थांबली. "झालं की बरं," म्हणत मावशींनी उरलेलं मलम जावेला देऊन टाकलं. आणि कागद? मी त्यांना टाचेत सैल व्हायचो, म्हणून त्याची चौपदरी घडी करून माझ्यातच सारली. ती तारीख आली त्या दिवशी मावशी तिच्यावरच उभं राहून आठ तास कॅन धूत होत्या. माझा नुसता तिळपापड झाला. एवढं मोठं तोंड असून मला एक शब्द बोलता येईना.

दोन महिन्यांनी खाज परत आली. कातडीला चीर पडली, चिरेतून पू आला, पाय पोटरीपर्यंत लाल झाला. मुकादम म्हणाला, "खाजेसाठी कुणी सुट्टी घेतं का, मावशी?" त्या कामावर येत राहिल्या. शेवटी ताप भरला तेव्हा लेकीने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. पाय वाचला. करंगळी काढावी लागली.

लेक आईचं सामान न्यायला आली. तिने मला उलटा केला, तसा लगदा झालेला कागद खाली पडला. तारीख पुसट झाली होती, दोन रेघा मात्र शाबूत होत्या.

"हरवला म्हणाली होती मला," ती एवढंच पुटपुटली. कागद तिने पर्समध्ये ठेवला.

"बूट राहू दे," मुकादम म्हणाला. "सहा नंबर कुणाला तरी लागेलच."

मित्रांनो, खाज थांबली म्हणून मलम थांबवू नका. डॉक्टरांनी परत बोलावलं की जा, दुखत नसलं तरी जा. दुसऱ्याच्या बुटात पाय घालू नका, ओल्या बुटात तर नाहीच. घरी आईला, मावशीला, मुकादम असलेल्या काकालाही सांगा. मला सांगता येत नाही. आज नवी बाई कामावर आली आहे, तिचं माप सहा आहे, आणि मी अजून आतून ओलाच आहे.