महिपतीची तबकडी

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक जुनी तबकडी आहे. ताटली समजून माझ्यावर पापड वाळत घालणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगून टाकते. मी काळी आहे, जड आहे आणि हातातून निसटले तर काचेसारखी फुटेन. पण माझ्या पोटात अख्खा बँड आहे! उगाच नम्रपणा कशाला करू? एके काळी मुंबईची बडी बडी माणसं त्याच बँडच्या तालावर नाचत होती.

माझा जन्म कारखान्यातला. लाख, दगडाची पूड आणि काजळी एकत्र तापवून मला साच्यात दाबलं. लाख म्हणजे तीच, जिच्या बांगड्या करतात. माझ्या अंगावर खूप रेघा दिसतात ना? त्या खूप नाहीत. एकच रेघ कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल गेली आहे आणि त्या एका रेघेत सगळं गाणं बसलं आहे. गाणं कसलं, तर फॉक्सट्रॉट. हा जोडीनं नाचायचा साहेबी नाच. दोन पावलं सावकाश, दोन झटपट, पुन्हा दोन सावकाश. क्लॅरिनेट, कर्णे, पियानो, ढोल असा सगळा थाट. गाणारा मध्येच येतो, एक कडवं म्हणतो आणि निघून जातो, कारण खरा मान वाजवणाऱ्यांचा असतो.

माझी एकच अडचण. सुई टेकल्याशिवाय मला तोंड फुटत नाही. पोटात सगळं ठाऊक असून गप्प बसायचं म्हणजे काय हाल असतात, ते मला विचारा.

माझ्या धन्याचं नाव महिपती. सुप्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस. पावा इतका गोड वाजवायचा, की पुण्याच्या लष्करी बँडात त्याची वर्णी लागली. तिथं तो क्लॅरिनेट शिकला आणि पुढं मुंबईला गेला. एका हॉटेलात नाचाचा बँड होता. त्यांचा क्लॅरिनेटवाला आजारी पडला आणि गोव्याच्या बँडमास्तरनं महिपतीला उभं केलं. त्याच आठवड्यात बँडचं रेकॉर्डिंग झालं. त्या रेकॉर्डिंगमधून माझ्यासारख्या कितीतरी बहिणी निघाल्या. मास्तरनं त्यातली मी महिपतीच्या हातात ठेवली आणि त्याची पाठ थोपटली.

काही वर्षांनी महिपती इंदापूरला येऊन लग्नाच्या बँडात वाजवू लागला. लोकांना अभिमानानं मला दाखवायचा. म्हणायचा, "ह्यात मी वाजवलंय." लोक म्हणायचे, "मग लाव की!" लावणार कशावर? ग्रामोफोन होता एका बड्या बंगल्यात आणि मेंढक्याच्या पोराला तिथं कोण उभं करणार? झालं! लोकांना चेष्टेला विषयच मिळाला. कुणी थाप मारली की सगळे म्हणायचे, "ही काय महिपतीची तबकडी हाय व्हय?" तो हसायचा. मला मात्र असा राग यायचा! एकदा, फक्त एकदा कुणी सुई टेकवली असती, तर सगळ्यांची तोंडं बंद केली असती मी.

महिपती गेला तेव्हा त्याची लेक द्वारका नुकती लग्न होऊन वडगाव निंबाळकरला आली होती. ती मला लुगड्यात गुंडाळून सासरी घेऊन आली. पुढं मंडपात तबकड्या वाजवणाऱ्या लाउडस्पीकरवाल्याला तिनं एकदा विचारलंही. त्यानं मला बघून नाक मुरडलं. "बाई, ह्याच्यावरचं कुंकू माझ्या सुईत अडकंल," म्हणाला.

कुंकवाचं असं झालं. आमच्याकडं खंडेनवमीला कामाच्या वस्तूंची पूजा करतात. विळे, कोयते, खुरपी, पुढं ट्रॅक्टरचे पान्हे, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. द्वारकानं त्यांच्या रांगेत मला बसवलं. "माझ्या आबांचं हत्यार हाय हे," ती म्हणायची. माझ्या मधोमध गोल कागद चिकटवलेला आहे. त्यावर गाण्याचं नाव छापलेलं असतं. नेमकं तिथंच ती ओलं हळदकुंकू लावायची. दरवर्षी लावायची. माझं नाव त्याखाली बुडून गेलं. पण खरं सांगू? मला तो मान आवडायचा. कोयत्याच्या शेजारी बसून मी अगदी ऐटीत असायची.

आता द्वारकाबाई म्हाताऱ्या झाल्यात. त्यांचा मुलगा दादासाहेब ऊस आणि गाई सांभाळतो. माणूस मनानं चांगला, पण आजोबांचा विषय निघाला की त्याचीही तीच टिंगल. "आई, सोड की आता. पाहुण्यांत हसं हुतंय आपलं." हे ऐकलं की द्वारकाबाई ताटावरून उठायच्या. जगानं हसलेलं चालतं हो, पोटच्या पोरानं हसलेलं सोसत नाही.

दादासाहेबाची मुलगी सोनम बारामतीला कॉलेजात शिकते. तिनं एक दिवस बातमी आणली, की बारामतीत स्वरूपा नावाच्या एक दातांच्या डॉक्टर आहेत आणि त्यांना जुन्या तबकड्यांचं वेड आहे. दर रविवारी सकाळी त्या तबकड्या लावतात, चहा पाजतात आणि कुठलं गाणं कधीचं, कुणाचं, ते हुडकून काढतात. द्वारकाबाईंनी लगेच लुगड्याचा पदर खोचला. "मला न्या. मरायच्या आधी आबांचा सोक्षमोक्ष लागू द्या."

दादासाहेबाला पेंड आणायला बारामतीला जायचंच होतं. पिकअपमध्ये मला गोधडीत गुंडाळून द्वारकाबाईंच्या मांडीवर ठेवलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्या मला पोटाशी धरत होत्या.

डॉक्टरांच्या बैठकीत एक देखणं यंत्र होतं. मी त्याच्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात दादासाहेबानं टेबलावरची स्पिरिटची बाटली उचलली, बोळा भिजवला आणि म्हणाला, "हे मारा डॉक्टर, एका मिनटात चकाचक हुईल."

"अहो, थांबा!" डॉक्टर ओरडल्याच. "ही लाखेची आहे. स्पिरिटनं विरघळेल!"

मेले होते मी मित्रांनो! डॉक्टरांनी मऊ कापड साध्या पाण्यात भिजवून पिळलं आणि रेघेच्या दिशेनं मला हळूहळू पुसलं. मधला कागद मात्र कोरडा ठेवला. मग दात बघायचा दिवा कपाळाला बांधून त्या माझ्यावर वाकल्या. कडेला एक बारीक चीर होती, ती त्यांना दिसली. कुंकवाखाली काय आहे तेही पाहिलं आणि त्यांनी मान हलवली.

"आजी, ओल्या कुंकवानं कागद खाल्लाय. अक्षर उरलेलं नाही."

द्वारकाबाईंचा चेहरा पडला. "म्हंजे आबांचं नाव मीच पुसलं? ह्या हातांनी?" त्या रडायलाच लागल्या. मला इतकं वाईट वाटलं! हातानं प्रेमच केलं होतं की.

डॉक्टर त्यांच्याजवळ बसल्या. "नाही हो आजी. तिथं फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव असायचं. वाजवणाऱ्यांची नावं छापतच नव्हते. तुम्ही काही पुसलेलं नाही."

"मग पुरावाच न्हाय म्हणा," दादासाहेब म्हणाला.

डॉक्टर हसल्या. "अजून तिनं तोंड कुठं उघडलंय?" कागद आणि रेघ यांच्यामध्ये माझ्या अंगात एक आकडा कोरलेला आहे. दिव्याखाली तिरकं धरून त्यांनी तो वाचला. "हा आकडा मुंबईतल्या रेकॉर्डिंगचा आहे. शेवटचा दोन म्हणजे दुसऱ्या खेपेला जमलेलं. बाकी कानानं ओळखू." मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आजी, चीर आहे. सुई त्या चिरेवरून जाताना ही तुटूही शकते. एकदाच लावेन आणि लावतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घेईन. तुम्ही म्हणाल तरच."

द्वारकाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. मी मनात म्हणाले, बाई, घाबरू नका, माझ्यावर सोडा! त्या म्हणाल्या, "लावा डॉक्टरीणबाई."

सुई टेकली. चिरेवर टक, टक असा आवाज येत राहिला, पण मी अंग घट्ट आवळून धरलं होतं. आणि काय सांगू मित्रांनो, मी गायले! एवढी वर्षं कोंडलेला बँड धो धो बाहेर पडला. डॉक्टर बोट उचलून सांगू लागल्या, "ऐका, इथं बँजो नाही, गिटार आहे. खाली ट्यूबाचा मोठा कर्णा नाही, डबल बास या उभ्या, मोठ्या व्हायोलिनची तार ओढतायत. आधी बँजो आणि ट्यूबाच असायचे, म्हणजे हे एकोणीसशे तीसच्या नंतरचं. आणि हा फॉक्सट्रॉट आहे, पाय बघा तुमचा!" दादासाहेबाचा पाय खरंच हलत होता. त्यानं तो चटकन आवरला. गाणारा आला, कडवं म्हणून गेला, तर दादासाहेब म्हणतो कसा, "एवढंच? ह्याच्यापेक्षा आमचा स्पीकरवाला जास्त गातो."

मग शेवटचा फेरा आला. क्लॅरिनेट एकटं वर चढलं. साहेबी चाल सोडून त्यानं माळावरच्या पाव्याचे सूर धरले. द्वारकाबाई ताठ बसल्या. "ही आबांची चाल! लग्नात असंच वाजवायचे."

"कुणाचं तरी ऐकून वाजवत असतील," दादासाहेब हळूच म्हणाला.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत क्लॅरिनेट थांबलं, मागं ढोल घुमत राहिला आणि रंगात आलेला एक तरुण आवाज माझ्या पोटातून खणखणीत ओरडला, "हुर्रर्र! चल बाणे, चल!" आणि क्लॅरिनेट पुन्हा सुटलं.

सोनमनं बापाकडं पाहिलं. "पप्पा, तुमी रोज सकाळी गाय सोडताना हेच म्हणता!"

दादासाहेबाच्या दावणीला बाणी नावाची गाय आहे. तिच्या आधीचीही बाणीच होती. "मला आईनं शिकवलंय हे," तो म्हणाला.

"आणि मला आबांनी," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमच्या कळपाच्या म्होरक्या मेंढीचं नाव बाणी व्हतं. पुढं घरात शेळी येऊ दे, न्हायतर गाय, आबा तिला बाणीच म्हणायचे." त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

गाणं संपलं. डॉक्टरांनी सुई अलगद उचलली. मी अखंड होते! दादासाहेब उठून आईजवळ आला, खाली बसला. "आई, चुकलं माझं. आजोबा खरं बोलत व्हते."

"मला कशाला सांगतोस? त्यांना सांग," द्वारकाबाई म्हणाल्या. दादासाहेबानं माझ्यापुढं कपाळ टेकवलं. मग त्यानं डॉक्टरांकडून ते गाणं फोनवर घेतलं आणि सगळ्या भावकीला पाठवलं. खाली एवढंच लिहिलं, "वाजवणारे आणि ओरडणारे माझे आजोबा, महिपती."

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखी एखादी बहीण पडली असेल. तिला आडवी टाकून वर ओझं ठेवू नका, उभी ठेवा. उन्हात वाकेल, म्हणून सावलीत ठेवा. मऊ कापडानं पुसा, स्पिरिट तर चुकूनही लावू नका, आणि जाड सुईच्या यंत्रावरच लावा. माझी काळजी अशी एवढीशीच आहे, कुणालाही जमेल. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याला हसण्याआधी ती एकदा पूर्ण ऐका. महिपतीला तेवढंच हवं होतं, आणि ते त्याला जिवंतपणी कुणी दिलं नाही.