केटिलचा आठवडा

केटिलला कप्तानाच्या पोरीशी लग्न करायचं होतं आणि मध्ये दगड आडवा आला. शंभर किलोचा.

गावच्या किनाऱ्यावर चार गुळगुळीत गोटे ओळीने पडलेत, हलक्यापासून जडापर्यंत: निकामी, अर्धा, निमबळी आणि पुरा. पूर्वी तिसरा उचलेल त्यालाच बोटीवर घेत. आता हात-पाय असलेल्या कुणालाही घेतात. पण कप्तान हालवार्दुरने जाहीर केलं, "जूनमधल्या खलाशी दिनाला जो निमबळी उचलून कट्ट्यावर ठेवेल, तोच माझा जावई."

"बाबा, कुठल्या जमान्यातलं बोलताय!" स्वानहिल्डुर म्हणाली. मग जरा विचार करून, "पण बघायला मजा येईल हं."

केटिल मासळीच्या लिलावघरात कारकून. बळ नव्हतं, पण कागदावर हात बसलेला. मार्चमध्ये त्याने आठवड्याचा तक्ता आखला आणि तो अगदी चोख होता. सोमवारी पाय आणि कंबर, बुधवारी छाती-खांदे, शुक्रवारी पाठ आणि वाळूची पोती. दर आठवड्याला वजन थोडं थोडं वाढवायचं. बाकीचे चार दिवस आराम, कारण स्नायू झिजतो व्यायामात आणि भरतो झोपेत.

या तक्त्याने जमलंही असतं. पण तो घेऊन केटिल पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गेला. न जाऊन करतो काय? गावातलं बारसं, घटस्फोट, सरपंच, सगळं त्याच कुंडात गळ्यापर्यंत बुडून ठरतं. तिथे न विचारता काही केलं की गाव बोलणंच टाकतं.

"मंगळवारी आराम?" निवृत्त मास्तरीण बेर्गल्योत म्हणाली. "बाळंतीण आहेस का रे? दंड काढ दंड."

"गुरुवारी डोंगर चढ," पाद्रीबाबा म्हणाले. "पाठीवर मिठाचं पोतं घेऊन."

"अहो, पण स्नायूला भरायला वेळ..."

"आम्हाला कुणी दिला होता वेळ?" बेर्गल्योतने पेन मागितलं.

शनिवारी वल्ही मारायचं ठरलं. उरला रविवार. तो खुद्द कप्तानाने खोडला. "माझ्या पोरीशी लग्न करायचंय आणि लोळत पडणार?"

केटिल "नको" म्हणाला असता, तर तिथेच तरला असता. तो म्हणाला, "बरं."

एप्रिलमध्ये त्याचं वजन सहा किलो उतरलं. मे महिन्यात हात डोक्यापर्यंत जाईना, म्हणून केस विंचरणं सुटलं. कुंडातले खूश होते. "बघा, कसा कातीव झालाय!" प्रत्येकाने आपापल्या वाराचं श्रेय घेतलं.

खलाशी दिनाला अख्खं गाव किनाऱ्यावर जमलं. केटिल निमबळीला भिडला. दगड हलला नाही. मग अर्ध्याला भिडला. तोही नाही.

"निकामी तरी उचल रे!" बेर्गल्योत ओरडली. "तो माझ्या शाळेतल्या पोरी उचलायच्या!"

तेवीस किलोचा निकामी त्याने गुडघ्यापर्यंत आणला आणि कमरेत कट्‌कन आवाज झाला. केटिल तसाच राहिला, काटकोनात. वर होता येईना की दगड खाली ठेवता येईना.

लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग हसले, मग कॉफी प्यायला वळले. कप्तान मात्र अगदी जवळ आला. खाली वाकून त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "काय जावईबापू, रात्री मुक्काम इथेच का?"

केटिलची बोटं सुटली.

दगड कप्तानाच्या पावलावर पडला. कप्तान असा किंचाळला की धक्क्यावरचे समुद्रपक्षी उठले.

रुग्णवाहिका आली. डॉक्टरणीने कप्तानाला आत घातलं. केटिलकडे बघून म्हणाली, "याला आडवं करता येणार नाही, दार बंद व्हायचं नाही. एकजण सोबत चला."

"स्वानहिल्डुर," केटिल वाळूकडे बघत म्हणाला, "मी मुद्दाम नाही टाकला गं."

"माहितेय," ती म्हणाली. "मुद्दाम टाकायला जोर लागतो."

त्याला आता लोकांचे फक्त बूट दिसत होते. पाद्रीबाबांचे काळे, बेर्गल्योतचे रबरी. तिचे लाल बूट त्याच्यासमोरून गेले, गाडीच्या पायरीवर चढले आणि दार लागलं.