व्हिएन्नाची अडकलेली स्लाइड

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे आणि मी डूख धरून आहे, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, यंत्रं बिचारी मुकाट्याने राबतात असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात. राबतात हे खरं. पण विसरतात असं मात्र समजू नका.

१९७९ साली हेमचंद्रकाकांनी मला अमेरिकेतल्या डॅलसच्या दुकानातून शेजारच्या प्लेनो गावातल्या घरी आणलं. काका मूळचे नागपूरचे, टेलिफोन कंपनीत इंजिनियर. सुनेत्राकाकूंनी पहिल्याच दिवशी मला हळदकुंकू लावलं. माझ्या डोक्यावरच्या गोल थाळीत ऐंशी स्लाइड्स, म्हणजे चौकटीत बसवलेले फिल्मचे फोटो, मावतात. बटण दाबलं की एकेक स्लाइड माझ्या पोटात उतरते, दिव्यापुढे उभी राहते आणि भिंतभर चित्र उमटतं. पाहुणे "वा!" म्हणत. ती वाहवा काका मधल्यामध्येच झेलत. माझ्या वाट्याला चापट्या येत. एखादी स्लाइड जरा अडली की काका फाडकन माझ्या कुशीवर चापट मारत आणि म्हणत, "यार, हा डबा रिप्लेस करायला पाहिजे." मी एकही चापट विसरलो नाही.

१९८३ च्या उन्हाळ्यात सात वर्षांच्या लेकीला, सुमेधाला, काकूंच्या मैत्रिणीकडे, शरयूमावशींकडे ठेवून काका-काकू युरोपला गेले. लंडन, पॅरिस, रोम, व्हिएन्ना. प्रत्येक राजधानीला एक दिवस, गाइडबरोबर. पासपोर्ट, पैसे, नकाशा सगळं काकांच्या खिशात आणि काकूंकडे दशम्यांचा डबा. काका गाइडचं ऐकत नसत, कारण त्यांनी घरूनच पुस्तकं वाचून नेली होती. व्हिएन्नाचा गाइड पिवळी छत्री उंच धरून चालायचा आणि मंडळींनी त्या छत्रीमागे जायचं. दुपारी काका काकूंच्या गळ्यात कॅमेरा अडकवून पोस्टाची तिकिटं घ्यायला दुकानात गेले. बाहेर आले, पिवळी छत्री दिसली, तिच्यामागे ऐटीत चालू लागले. ती छत्री दुसऱ्याच टोळीची होती.

अडीच तासांनी काकू आणि गाइड यांना ते सापडले. काका कॅथीड्रलच्या पायरीवर बसले होते, एक बूट काढलेला, रुमालाने डोळे पुसत. शेजारी एक पोलीस पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. काकूंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे फोटो काढला.

स्लाइड्स धुऊन आल्या तेव्हा काकांनी पडदे ओढून, एकट्यानेच त्या माझ्यातून पाहिल्या. ही स्लाइड दिसताच त्यांनी ती उपसून काढली आणि माझ्या पेटीच्या खिशात, जादा बल्बच्या मागे खुपसली. काकूंना म्हणाले, "ती खराब आली." म्हणजे चोरी त्यांची आणि लपवायला जागा माझी!

पुढच्याच शनिवारी मित्रमंडळी जेवायला आली. जेवणानंतर स्लाइड शो असायचाच. शरयूमावशींनी विचारलं, "व्हिएन्नाच्या दुपारचे फोटोच नाहीत का हो?"

"कुठून असणार?" काका म्हणाले. "आमच्या सौभाग्यवती हरवल्या होत्या ना! अडीच तास शोधत होतो."

सगळे खो खो हसले. चारचौघांत नवऱ्याची फजिती कशाला, म्हणून काकू गप्प राहिल्या. तीच त्यांची चूक झाली. काकांना ती गोष्ट गोड लागली आणि दर शोला ते ती सांगू लागले. बघता बघता मुलं काकूंना 'हरवलेल्या काकू' म्हणू लागली.

मित्रांनो, प्लेनोत गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरातच अडकतो. दुधाची कॅन आणायची तरी नवऱ्याची वाट पाहायची. १९८६ साली शरयूमावशींनी काकूंना ड्रायव्हिंग शिकवायचं ठरवलं. काका म्हणाले, "कॅन्सल कर ते. व्हिएन्नात पायी हरवलीस, इथे हायवेवर थेट दुसऱ्या राज्यात, ओक्लाहोमाला पोचशील!"

काकूंचे डोळे भरले. माझ्या जिवाचा संताप झाला.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या गणपतीत काकांचा शो होता. सकाळी काकू मला पुसून, लावून पाहत होत्या, तेवढ्यात माझा बल्ब गेला. गेला म्हणण्यापेक्षा मी तो जाऊ दिला. नवा बल्ब काढायला काकूंनी पेटीच्या खिशात हात घातला आणि बल्बबरोबर ती स्लाइड हातात आली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग त्यांनी ती थाळीच्या बासष्टाव्या घरात, व्हिएन्नाच्या दुपारच्या जागी घातली.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये शंभर माणसं बसली होती. काका रंगात आले होते. "आणि आता, इथे आमच्या बाईसाहेब हरवल्या!" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

भिंतीवर काका उमटले. एक बूट, रुमाल, पोलीस, सगळ्यासकट.

पुढच्या रांगेतून त्यांची दहा वर्षांची सुमेधा म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू क्रायिंग?"

काकांनी बटण दाबलं. मी हललो नाही. मागे न्यायचं बटण दाबलं, तरी हललो नाही. मग त्यांनी मला चापट मारली. सात वर्षं मी या चापटीची वाट पाहत होतो. मी ती स्लाइड अशी घट्ट पकडली की थाळीसुद्धा निघेना.

"अहो, राहू द्या," चहाच्या टेबलापासून काकू म्हणाल्या. "मी सांगते." आणि आवाज न चढवता त्यांनी सगळं सांगितलं. "दशम्या गाइडला दिल्या आणि आम्ही दोघांनी तीन पिवळ्या छत्र्या तपासल्या. चौथ्या छत्रीवाल्यांनी सांगितलं, एक माणूस पायरीवर बसलाय. शरयू, सोमवारपासून शिकव गं मला."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ते हसले असते तर काकांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला गॅरेजच्या फळीवर टाकलं. तीन वर्षं झाली, अंगावर बोटभर धूळ आहे. मित्रांनो, यंत्राला मारू नका, त्याला पुसत जा, आणि घरातल्या माणसाला दुसऱ्यांपुढे हसू नका. दोघंही पोटात बरंच काही ठेवतात. माझं काही वाईट चाललेलं नाही. रोज संध्याकाळी गॅरेजचं दार वर जातं आणि काकू एका झटक्यात गाडी आत घेतात. शेजारच्या सीटवर कधीकधी काका असतात, मांडीवर नकाशा घेऊन, गप्प.

ती स्लाइड अजून माझ्या पोटातच आहे. काकांच्याने ती निघत नाही आणि काकू काढत नाहीत. बल्ब चांगला आहे. फक्त प्लग लावायचा अवकाश.