झरोक्यातली मूठ

क्रेन चालवणाऱ्या वहिनींचा नियम साधा होता: खाली उभा असलेला माणूस खुणावेल तसं करायचं, आणि ‘थांबा’ची मूठ कुणीही दाखवली तरी थांबायचं. गेल्या महिन्यापासून खाली उभे असत त्यांचे धाकटे दीर. “माझ्या शब्दावर घ्या,” असं वहिनींनीच फोरमनला सांगितलं होतं.

भाऊजी जेवणाच्या सुट्टीत पत्र्याआड गांजा ओढतात, हे त्यांना वासावरून ठाऊक होतं. रोज त्या बोलायचं ठरवत आणि रोज गिळून टाकत. घरात भांडण नको.

त्या दुपारी कामगारांचा प्लॅस्टिकचा संडास बांधकामाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा होता. भाऊजींनी दार वाजवलं, पट्टे अडकवले, अंगठा वर केला. संडास डौलात वर चढला. दोन मजले गेल्यावर भाऊजी आपल्याच पिवळ्या हातमोज्याकडे कौतुकाने बघत बसले. खूणबिण काही नाही.

एवढ्यात संडासाच्या झरोक्यातून एक हात बाहेर आला. आधी त्याने हवेत नुसता थयथयाट केला, मग घट्ट मूठ वळली. वहिनींनी क्रेन जागच्या जागी थांबवली. मग त्या हाताने तर्जनी खाली करून सावकाश गोल फिरवली: खाली, हळूहळू. दिवसभरातली ती पहिली अचूक खूण होती.

संडास जमिनीला टेकला आणि दार उघडून फोरमन बाहेर आला, एका हाताने विजार सावरत.

वहिनी शिडी उतरून धावत आल्या. “भाऊजी, आत कोणी आहे का, विचारलं नाहीत?”

“विचारलं की! ‘आहे’ म्हणाले.” भाऊजींनी जरा विचार केला. “म्हटलं, उत्तर आलं म्हणजे सगळं ठीक.”

फोरमनने इकडेतिकडे बघितलं. “कोणी पाहिलं नाही ना? मग सोडा विषय. जन्मभर हसतील मला.”

भाऊजींचा जीव भांड्यात पडला. वहिनींना मात्र स्वतःचीच भयंकर लाज वाटत होती. त्यांनी दिराच्या हातातले मोजे काढून घेतले.

“गांजाचं मी आज ऑफिसात सांगणार. माझ्या गप्प बसण्याचंही.”

“वहिनी! घरच्या माणसाबद्दल?”

“घरचे म्हणूनच गप्प बसले. आणि साहेब वर गेले.”

“आलो ना परत,” फोरमन पुटपुटला.

“तुम्ही आलात. पुढचा येईलच असं नाही.”

फोरमनने अपघातांची नोंदवही उघडली. ‘घटनेच्या वेळी आपण कोणतं काम करत होता?’ या रकान्यापाशी त्याचं पेन बराच वेळ अडलं.