वरचा थर

जगदीशने घमेल्यावरचं ओलं फडकं उचललं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. आत काळपट चिखल होता, वरून हाताने थापून गुळगुळीत केलेला.

"एक कण सांडू दिला नाही," मागून कमळाबाई म्हणाल्या. "तिन्ही बांबू मी स्वतः खरवडले. पाणीसुद्धा शिंपडते, तू करायचास तसं."

"आई, बांबू कुठे आहेत?"

"तिरडीला दिले." त्यांनी पदर तोंडाला लावला. "शेजारचा धोंडू गेला रे. गोळीबारात."

संचारबंदी लागली तेव्हा जगदीश फोर्टात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अडकला होता. काळाचौकीला यायला वाट मिळाली ती आज सकाळी. जिन्यात कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं, ते का हे त्याला आता कळलं.

कुलाब्याच्या कोळीवाड्यापलीकडे ओहोटीला पोकळ बांबू चिखलात उभे ठोकायचे, अलगद वर काढायचे आणि मधोमध चिरून आतली माती होती तशी जपायची. तळाचा थर सर्वांत जुना, वरचा अलीकडचा. प्रत्येक थरात त्या त्या काळच्या झाडांचे परागकण अडकलेले. त्यांवरून हजारो वर्षांपूर्वी इथे पाऊस किती पडे, समुद्र कुठवर होता, हे त्याला प्रबंधात मांडायचं होतं. बांबू काढले त्या जागेवर नंतर भराव पडला होता. तिथे आता लॉऱ्या फिरत होत्या.

"काय चिखलाचे डॉक्टर, आलात?" चाळीतले बुधाजीकाका गॅलरीतून पुढे आले. नेहमीचाच टोमणा, पण त्यांचा आवाज बसलेला होता. "बांबू मी मागितले हो. सगळी दुकानं बंद. पोराला काय चादरीत गुंडाळून न्यायचं?"

"बरं केलंत, काका."

"नाहीतरी धोंड्यानेच ते खांद्यावरून इथवर आणले होते."

जगदीशने मान हलवली. काका थोडा वेळ घुटमळले आणि गेले.

"नवे बांबू आण नि परत भर," कमळाबाई म्हणाल्या. "माती तर तीच आहे ना?"

"तीच आहे."

त्याने चिखलात बोट खुपसलं. एक शिंपल्याचा तुकडा लागला. तो तळाचा की मधला, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. त्याने बोट सदऱ्याला पुसलं. आई बघत होती, म्हणून तो हसल्यासारखं करून उठू लागला.

तेवढ्यात गंगुबाई आपल्या खोलीतून भिंत धरत धरत आल्या. धोंडूची आई. त्या घमेल्यापासून जरा लांब टेकल्या.

"तुझ्या कामाची खोटी झाली असेल रे बाबा."

"नाही मावशी. आईने सगळं नीट ठेवलंय."

"धोंड्या सांगायचा, जगदीशच्या चिखलात जुना पाऊस दिसतो. मी म्हणायची, मेल्या, डोकं फिरलंय तुझं. मोर्चातनं वेळ मिळाला की इथंच बसायचा ना तुझ्यापाशी?"

"हो. त्याला सगळे थर पाठ होते."

गंगुबाई घमेल्याकडे बघत राहिल्या. "कुठं दिसतो रे?"

जगदीशने आईकडे पाहिलं. कमळाबाई नुसत्या उभ्या होत्या, केलेलं काम कुणी वाखाणेल या आशेने.

तो पुन्हा खाली बसला. घमेल्यातून त्याने चिखलाचा एक गोळा उचलला.

"हा बघा. हा वरचा. आपल्या आजा-पणजाच्या वेळचा. चांगला पाऊस होता तेव्हा."

"शिवू का? सुतक आहे मला."

"मातीला कसलं सुतक, मावशी."

त्यांनी तो गोळा ओंजळीत घेतला, नाकाशी नेला. खाली रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली.

"आणि ह्याच्या आधीचा?"

जगदीशने त्याच जागी हात घातला आणि दुसरा गोळा काढला.

"हा. तेव्हा इथे समुद्रच नव्हता, मावशी. जंगल होतं."